दाढेची कळ किती वेळ टिकते, ते मोजा

दाढ दुखली म्हणजे रूट कॅनालच, असं बऱ्याच जणांना वाटतं. आणि दुखायची थांबली म्हणजे बरी झाली, असंही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, पण दुसरी जास्त महागात पडते.

दाताच्या कठीण कवचाआड मऊ गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण त्यालाच 'नस' म्हणतो. कीड तिथवर पोचली की नस सुजते. हाताला सूज आली तर कातडी ताणून जागा देते. दाताच्या भिंती तसूभरही हलत नाहीत. म्हणून आतला दाब वाढतो आणि दाढ ठणकते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री ठणका जास्त.

घरी काय बघाल

थंड पाण्याचा घोट त्या दाढेवर धरा, गिळा आणि घड्याळ बघा. कळ चार-पाच सेकंदांत विरली तर नस बहुधा वाचवता येते. कीड काढून फिलिंग केलं की भागतं. कैरी किंवा चिंच खाऊन दात आंबतात ते वेगळं. तेव्हा एकच दाढ नव्हे, बरेच दात एकदम शिवशिवतात आणि दिवसभरात शांत होतात.

कळ अर्धं मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळली, गरम चहाने उठली, काही न खाता-पिता आली किंवा तिने झोपेतून जागं केलं, तर नस आता आपोआप सुधारण्यातली नाही. काही जणांना माठातल्या पाण्याची चूळ तोंडात धरली तेवढाच वेळ बरं वाटतं, पाणी कोमट झालं की पुन्हा ठणका. असं होत असेल तर त्याच दिवशी आमच्या दातांच्या दवाखान्यात या.

कधी दाढ नेमकी सांगताच येत नाही. खालच्या दाढेची कळ कानात जाते, वरच्या दाढेची गालात किंवा कानशिलात. उलट, सर्दी मुरली की वरच्या दोन-तीन दाढा एकदम जड होतात आणि खाली वाकलं की जास्त दुखतात. तो दोष दातांचा नसतो. पेडव्यासारख्या मासळीचा काटा हिरडीत रुतला तरी दाढच दुखल्यासारखी वाटते. आधी आरशात बघा, फ्लॉस फिरवा.

सुपारी किंवा कुर्लीची (खेकड्याची) नांगी दातांनी फोडताना दाढेला बारीक तडा जातो. चावताना नव्हे, चावा सोडताना चमक मारते ती बहुधा यामुळे. असा तडा एक्स-रेतही सहसा दिसत नाही, म्हणून हे आवर्जून सांगा.

ठणका अचानक थांबला तर

नस मेली की दुखणं थांबतं, जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. मग दात उंच झाल्यासारखा वाटतो, चावलं की दुखतो. हिरडीवर पुळी येते, फुटून खारट-घाण चव येते आणि काही दिवसांनी पुन्हा भरते. लहानपणी पडून मार लागलेला पुढचा दात वर्षांनी काळपट होतो, तोही न दुखता.

लवंगेच्या तेलाचा बोळा काही तास आराम देतो, पण कीड तशीच राहते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवू नका, तिथे भाजतं. नुसत्या अँटिबायोटिकनेही भागत नाही: औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही.

दवाखान्यात

आम्ही थंड चाचणी करतो, दातावर हलकेच ठोकून बघतो आणि एक्स-रे काढतो. तडा मुळापर्यंत गेला असेल तर दात काढण्याचाच सल्ला देतो. रूट कॅनाल म्हणजे मुळातल्या नळीतली नस काढून ती नळी साफ करून भरणं. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते, खालच्या दाढेला सहसा तीन. वरच्या पहिल्या दाढेत चौथी बारीक नळी पुष्कळदा असते. ती राहून गेली तर उपचारानंतरही दुखू शकतं. ती शोधायला वेळ लागतो, घाई करू नका. नंतर दाढेवर कॅप बसवा, नाहीतर पोखरलेली दाढ चावताना फुटते.

मधुमेह असेल तर सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका. बोटीवर बरेच दिवस जाणाऱ्यांनी दाढ थोडी कुरकुरत असतानाच दाखवावी, समुद्रात उपाय नसतो.

सूज जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर आमचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका. रात्र असली तरी थेट जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.