साथ ओसरली, उचल फिटली नाही

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. कोविडच्या साथीत लागलेल्या देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. मराठवाड्यात पाडव्याला गुढीइतकंच महत्त्व सालगड्याच्या सालाला असतं. त्या दिवशी जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, आधी किती उचलायचे, हे पारावर किंवा मालकाच्या ओसरीवर बसून बोलून घेतलं जातं. नाही पटलं तर गडी दुसऱ्या गावात दुसरा मालक बघतो. 'मग मी दुसरीकडं जातो' एवढं एकच वाक्य त्याच्या हातात असतं, आणि सौदा त्याच वाक्यावर वर सरकतो. त्या पाडव्याला गावोगावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. दुसरीकडं जायला रस्ताच नव्हता.

साथींचा घराच्या मिळकतीवर काय परिणाम होतो, यावर अर्थशास्त्रात बरंच काम झालं आहे. ते वाचताना मला तो पाडवा पुन्हापुन्हा आठवतो. साथीत किती जणांची कमाई बुडाली, हे मोजता येतं आणि मोजलंही गेलं आहे. पण बुडालेल्या दिवसांत घरानं काय विकलं, काय गहाण टाकलं, कुणाच्या अटी मुकाट्यानं मान्य केल्या, यावर त्या घराची पुढची दहा वर्षं ठरतात. दरी तिथं रुंदावते. ती लगेच दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल बोललंही कमी जातं.

मराठवाड्याला संकटाची सवय आहे असं म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची परदेशी ज्वारी, म्हणजे मिलो, खाऊन, खडी फोडून जगलेली माणसं अजून आपल्यात आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. या दुष्काळांतून तगायची इथल्या माणसानं एक रीत बसवली होती, ती म्हणजे जगायला बाहेर जायचं. पुण्याला बांधकामावर, मुंबईला हमालीला, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात, पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला. संकट एका घरावर आलं तर भावकी धावते. सगळ्या गावावर आलं तर भावकीही रिकामीच असते, तेव्हा बाहेरगावी गेलेला मुलगा पैसे पाठवतो. जोखीम अशी अंतरावर वाटून ठेवलेली असते. आपल्याकडं पाऊस गेला म्हणून पुण्यातलं बांधकाम थांबत नाही, या भरवशावर हा सगळा डोलारा उभा आहे.

साथीनं नेमका तोच भरवसा काढून घेतला. पुणं बंद, मुंबई बंद, वाळूज बंद. पैसे पाठवणारा मुलगाच डोक्यावर बोचकं घेऊन, मिळेल त्या वाहनानं नाही तर पायी, गावी परतला. घरात कमावणारा एक हात कमी झाला आणि खाणारं एक तोंड वाढलं. हीच गोष्ट उलट्या दिशेनंही घडली. जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यात मध्य प्रदेशातले मजूर कामाला होते. काम थांबल्यावर ते घराकडं निघाले. भुसावळहून रेल्वे मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं चालत राहिले आणि थकून रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ त्यातले १६ जण मालगाडीखाली गेले. विषाणूची बाधा होऊन ते गेले नाहीत, पण साथीच्या हिशेबात त्यांना धरायलाच हवं.

देशपातळीवरचे आकडे अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालात आहेत. एप्रिल आणि मे २०२० या दोन महिन्यांत सर्वांत गरीब २० टक्के घरांची मिळकत जवळपास पूर्ण थांबली. वर्षभरात सुमारे २३ कोटी माणसं राष्ट्रीय किमान वेतनाच्या रेषेखाली ढकलली गेली. बायकांचा आकडा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. कामावर असलेल्या पुरुषांपैकी ७ टक्क्यांचं काम गेलं आणि वर्ष संपेपर्यंत परत मिळालं नाही. बायकांमध्ये हे प्रमाण ४७ टक्के होतं. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या अशा त्या बायका. लातूर शहराचं उदाहरण घ्या. तिथली निम्मी चूल क्लाससाठी बाहेरगावहून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जिवावर पेटते म्हटलं तरी चालेल. क्लास बंद झाले तशी मुलं गावी गेली. मग खोल्या रिकाम्या पडल्या, मेस बंद झाली आणि मेसमधल्या मावशी घरी बसल्या. क्लासचे शिक्षक मोबाइलवर शिकवू लागले. मोबाइलवरून पोळ्या लाटता येत नाहीत.

आता थोडं कोडं वाटेल असं काही सांगतो. विषमता मोजायला जिनी गुणांक वापरतात. कोर्रादो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तो मांडला. सगळ्यांची मिळकत सारखी असेल तर गुणांक शून्य, सगळी एकाच्या पदरात असेल तर एक. गुप्ता, मलानी आणि वोडा या अभ्यासकांनी भारतातल्या घरांची मासिक पाहणी तपासली. त्यांना दिसलं की साथीत गरिबी वाढली, पण विषमता कमी झाली, कारण वरच्या थरातल्या घरांची मिळकत टक्केवारीत जास्त घसरली.

हे खोटं नाही. त्याचं गणित बघा. महिना ४० हजार मिळवणाऱ्या हॉटेलवाल्याची कमाई निम्म्यावर आली, तर त्याला २० हजार उरले. महिना ८ हजार मिळवणाऱ्या मजुराची कमाई पाव हिश्श्यानं घटली, तर त्याला ६ हजार उरले. आधी दोघांत पाच पटींचा फरक होता, आता तीन पटींहून थोडा अधिक उरला. जिनीच्या लेखी समाज सुधारला. प्रत्यक्षात हॉटेलवाल्यानं बँकेतली ठेव मोडली आणि दिवस काढले. मजुराच्या घरात गेलेले दोन हजार म्हणजे गोडं तेल, आईच्या बीपीच्या गोळ्या आणि पोराच्या वह्या. मिळकत जितकी कमी तितका तिचा मोठा हिस्सा पोटावर जातो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्येच दाखवलं होतं. वरच्या घरात खर्च कमी करता येतो. खालच्या घरात खर्च कमी करणं म्हणजे जेवण कमी करणं.

म्हणून जिनीकडं साथ चालू असताना बघून भागत नाही, नंतरच्या वर्षांत बघावं लागतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या अभ्यासकांनी सार्स (२००३), स्वाइन फ्लू (२००९), मर्स (२०१२), इबोला (२०१४) आणि झिका (२०१६) या पाच साथींनंतर अनेक देशांत काय झालं ते तपासलं. साथीनंतर पाच वर्षांनी जिनी गुणांक सरासरी दीड टक्क्याच्या आसपास वाढलेला होता. कमी शिकलेल्यांचा रोजगार पाच टक्क्यांहून अधिक घटला होता, उच्चशिक्षितांच्या रोजगाराला फारसा धक्का लागला नव्हता. पडले सगळेच होते, पण उठताना कुणाच्या हाताला आधार होता आणि कुणाच्या नव्हता, याचा हा फरक.

आधार म्हणजे काय, हे आमच्याकडच्या सोयाबीननं फार स्पष्ट दाखवलं. २०२० च्या दिवाळीच्या आसपास सोयाबीन बाजारात आलं तेव्हा क्विंटलचा भाव चार हजारांच्या घरात होता. त्यातच ऑक्टोबरच्या पावसानं माल भिजला होता. हप्ते थकलेले, दुकानदाराची उधारी, रब्बीच्या बियाण्याला पैसे नाहीत, अशा शेतकऱ्यानं मळणीच्या जागेवरूनच माल आडतीवर नेला. पुढं २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात तेच सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं. तेव्हा पोती कुणाकडं होती? ज्याला गोदाम होतं, ज्याला आठ-नऊ महिने पैशाची घाई नव्हती, त्याच्याकडं. जमीन तीच आणि पीकही तेच होतं. एकाला थांबता आलं, दुसऱ्याला नाही. थांबता येणं हीसुद्धा संपत्ती आहे, आणि ती कोणत्याही सातबाऱ्यावर लागत नाही.

विकण्याचं दुखणं याहून खोल आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरूतल्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं १९७५ पासून सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतल्या काही गावांत घरोघरच्या व्यवहारांच्या नोंदी ठेवल्या. सोलापूर म्हणजे आमच्या धाराशिवला खेटूनच. त्या नोंदींवरून रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की वाईट वर्षात शेतकरी घर चालवायला बैल विकतो. पाऊस परत येतो तेव्हा नांगरायला बैल नसतो, आणि चांगल्या वर्षाचं पीकही हातचं जातं. साथीच्या उन्हाळ्यात आठवडी बाजारही बंद होते. शेळी बाजारात उभी करता आली तर दहा गिऱ्हाइकं भाव बोलतात. दारात एकच व्यापारी येऊन उभा राहिला की तो म्हणेल तो भाव. साथीत वस्तू विकावी लागते आणि ती वाईटात वाईट वेळी विकावी लागते.

ज्याच्याकडं शेळीही नाही तो स्वतःचे येणारे दिवस विकतो. बीडच्या ऊसतोड कामगाराची उचल म्हणजे दुसरं काय? नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादम हंगामाआधी रक्कम हातावर ठेवतो आणि ती तोडणीतून फेडायची असते. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला लागते. एप्रिल २०२० मध्ये लाखभराहून अधिक कामगार कारखान्यांच्या तळावर अडकून पडले होते. शासनानं परवानगी दिल्यावर ते परतले आणि गावातही आधी शिवारातच राहिले. घरी आल्यावर पावसाळ्यापर्यंत पुरेल असा दुसरा रोजगार नव्हता, कारण शहरं बंद होती. मग किराणा, औषधपाणी, लग्नकार्य सगळं पुढच्या उचलीवर. मजुरीच्या दराची बोलणी करायची ताकद त्या क्षणी संपते, जशी पाडव्याला सालगड्याची संपली होती. त्यात शहरातून परतलेल्यांची भर. देशात शेतीवर पोट असणाऱ्या कामकऱ्यांचा हिस्सा २०१८-१९ मधल्या ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. दशकानुदशकं कमी होत आलेला हा आकडा उलटा फिरला. बांधावर हात वाढले की मजुरीला जोर कुठून येणार?

इथं इतिहासातला एक मोठा दाखला आडवा येतो. १३४७ ते १३५१ च्या प्लेगमध्ये युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली आणि त्यानंतर मजुरी वाढली, विषमता घटली. इंग्लंडच्या राजाला मजुरीचे दर बांधून घालणारे हुकूम १३४९ मध्ये आणि कायदा १३५१ मध्ये करावा लागला, इतके मजूर महाग झाले होते. यावरून साथी समाजाला सपाट करतात असा समज पसरला. पण ते घडलं कामाची माणसं एवढ्या संख्येनं मेली म्हणून. कोविडनं प्रामुख्यानं म्हातारी माणसं नेली. कामाचे हात तेवढेच राहिले, कामं मात्र कमी झाली.

आपल्याकडची १९१८ ची साथ, जिला म्हातारी माणसं मानमोडी म्हणत, तिनं तरणी माणसं नेली. भारतात सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान माणसं गेल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक ठरलं. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मुंबईतल्या नोंदी सांगतात की युरोपीय रहिवाशांत दर हजारी आठच्या आसपास माणसं दगावली, तर ज्यांना तेव्हा खालच्या जाती म्हटलं जाई त्यांच्यात ६१ च्या वर. ताप एकच होता. चाळीतली दाटी, पोटातलं अन्न आणि आजारपणात पडून राहायची सोय यांत फरक होता.

विकायची वेळ येऊ न देणं कशानं साधतं, याचं उत्तर याच मातीत सापडलं होतं. १९७२ च्या दुष्काळानं महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला बळ दिलं. वि. स. पागे यांनी ती मांडली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. हीच कल्पना पुढं देशाच्या कायद्यात गेली. २०२०-२१ मध्ये देशभरात या कायद्याखाली ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. महिन्याला माणशी पाच किलो मोफत धान्यानं चूल विझू दिली नाही. हे कमी नव्हतं आणि ते कमी लेखूही नये. पण धान्यानं बचत गटाच्या कर्जाचा हप्ता फिटत नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, मात्र व्याज चालूच राहणार होतं, हे किती बायकांना नीट समजावून सांगितलं गेलं?

आणि एक किंमत अशी आहे जी अजून मोजायचीच आहे. साथीआधी, २०१९ मध्ये केलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शाळा बंद, वसतिगृह बंद, लग्न पन्नास माणसांत आणि कमी खर्चात उरकतं, असं ते वर्ष होतं. त्यात किती मुली शाळेतून थेट बोहल्यावर गेल्या, याची झळ त्यांच्या मुलांच्या वजनातही दिसेल. १९१८ च्या साथीत आईच्या पोटात असलेल्या अमेरिकन मुलांचा माग डग्लस आल्मंड यांनी जनगणनेतून काढला. मोठेपणी ती कमी शिकलेली होती, आणि त्यातल्या पुरुषांची कमाई पाच ते नऊ टक्क्यांनी कमी भरली.

२०२० च्या उन्हाळ्यात पोटात असलेली आमच्याकडची मुलं आता शाळेत जायच्या वयाची झाली आहेत. त्यांची जन्मवजनं, महिन्यामहिन्याची उंची आणि वजन, आई कोयत्यावर गेली ते महिने, हे सगळं अंगणवाडीताईंनी लिहिलेलं आहे. त्या वह्या कपाटांत पडून आहेत. त्या कुणी तरी उघडायला हव्यात, ही मुलं स्वतः कोयता धरायच्या वयाची होण्याआधी.