डोळ्यांतून पाणी येतंय, तरी डोळे कोरडे?

एप्रिलच्या झळा सोसत दुचाकीवरून सोलापूरच्या अक्कलकोट रोडची एमआयडीसी गाठेपर्यंत डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागतात. अशा माणसाला डॉक्टर म्हणाले, ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’, तर त्याला ती थट्टाच वाटणार. पण हे निदान पुष्कळदा बरोबर निघतं. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर उडून गेला की डोळा चुरचुरतो, खुपतो आणि अश्रुग्रंथी घाईघाईने पाणी सोडतात. ते पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं.

टिकायला त्यावर तेलाची साय लागते. ते तेल बनवणाऱ्या मायबोमियन ग्रंथी पापणीतच असतात, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. पापणी मिटली की तेल बाहेर येतं. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा होणारी उघडझाप मोबाइल बघताना निम्म्यावर येते. मग तेल आतच साचून थंडीतल्या खोबरेल तेलासारखं थिजतं. यंत्रमागावर नजर लावून बसणाऱ्यांचीही उघडझाप कमीच होत असणार, वर पंख्याचा वारा आणि सुताची धूळ आहेच.

तपासणीत डोळ्यात पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतात. दहाच्या आत फाटला तर गडबड आहे. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते, हेही मोजतात. पण माझ्या मते खरी गंमत पापणीची कड दाबून पाहण्यात आहे. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येतं. तुंबलेलीतून पिवळसर, घट्ट काहीतरी येतं, किंवा काहीच येत नाही. वर्षानुवर्षं तुंबलेली ग्रंथी आक्रसते आणि सहसा परत येत नाही.

उपचाराची सुरुवात टॉवेलने होते, आणि तो सोलापुरात मागावा लागत नाही! सोसवेल इतक्या कोमट, साधारण ४० अंशांच्या पाण्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं ठेवायचा. अडचण एवढीच की तो दोन मिनिटांत गार होतो. म्हणून दोन छोटे नॅपकिन आलटून पालटून वापरावेत. मग बोटाने हलकेच, वरची पापणी खाली आणि खालची वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेने चोळायची. हे रोज, कित्येक आठवडे. बहुतेक जण चार दिवसांत कंटाळतात आणि ‘शेकून काही होत नाही’ म्हणतात.

कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागावेत. गरज पडल्यास डॉक्टर डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी देतात, तिचा सूज कमी करण्याचा गुण इथे कामी येतो. गरोदर बाईला मात्र ती चालत नाही. ओमेगा-३ च्या कॅप्सूलवर पैसे घालण्याआधी एवढं ठाऊक असावं: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर त्या तुलनेसाठी दिलेल्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड ड्रॉप्सनी लाली झटकन जाते, पण ते बरेच दिवस घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना तेही आवर्जून सांगा. मग रक्ततपासणी लागते.