चौदा महिन्यांचा चुना

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी बरीच वर्षं रजिस्टरं सांभाळली. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली की पहिला निरोप रंगाऱ्याला जायचा. मोल्डिंग शॉपच्या, म्हणजे साचे बनवायच्या विभागाच्या, काजळलेल्या भिंती रातोरात पांढऱ्या व्हायच्या. मला तो निव्वळ देखावा वाटायचा. पुढं १९४८ चा कारखाने अधिनियम वाचायला घेतला, तर कलम ११ मध्ये तो चुना लिहिलेलाच सापडला. ज्या भिंतींना ऑइलपेंट नाही त्यांना दर चौदा महिन्यांत एकदा तरी चुना मारायचा आणि मारल्याची तारीख रजिस्टरात नोंदवायची.

बारा नाही, पंधरा नाही, चौदाच महिने का? माग काढत गेलो तर विलायतेत पोचलो. तिथल्या १८७८ च्या कारखाना कायद्यात हेच चौदा महिने आहेत. त्याच्याही आधी, १८०२ मध्ये, सूतगिरण्यांतल्या पोरांसाठी जो कायदा झाला त्यात वर्षातून दोनदा चुना मारायला सांगितला होता. कोंदट गिरण्यांत तापाच्या साथी यायच्या आणि चुन्यानं जागा शुद्ध होते अशी तेव्हाची समजूत होती. त्या कायद्यात तपासणीही होती. ती गावचा मॅजिस्ट्रेट आणि पाद्री यांनी फुकट करायची होती, त्यामुळे ती फारशी झालीच नाही. मग १८३३ मध्ये चार पगारी निरीक्षक नेमले गेले. कारखान्याच्या फाटकातून हक्कानं आत शिरणारा सरकारी माणूस जन्मला तो तिथं.

आपल्याकडचा पहिला कायदा १८८१ चा. त्याच्यामागं कामगारांची कणव होती तसा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीवर आपल्याला मागं टाकतील ही त्यांची धास्ती, आणि ती त्यांनी लपवलीही नव्हती. हा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरताच होता. सात वर्षांखालच्या मुलांना काम बंद, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास, आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक अक्षर नव्हतं.

जी मागणी खरी कामगारांची होती ती १८८४ मध्ये पुढं आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारनं नेमलेल्या आयोगापुढं ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. साप्ताहिक सुट्टी मिळायला जून १८९० उजाडला. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, आणि फुल्यांचं मूळ गाव आपल्या साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं कटगुण. ऑडिट म्हणजे वरून लादलेली कटकट असं शॉपवरची मंडळी म्हणतात तेव्हा मला हा साडेपाच हजार सह्यांचा कागद आठवतो.

सातारा-सांगलीत मात्र हा कायदा सगळीकडे सारखा पोचला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढला तो औंध संस्थानात. सांगली, मिरज, जत हीसुद्धा संस्थानंच, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. सातारा मात्र खालसा, म्हणजे थेट ब्रिटिश मुलखात, त्यामुळे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये तिथं सुरू केलेल्या कारखान्यावर सरकारी कायद्याचा अंमल होता. एकाच भागात लोखंड ओतणाऱ्या दोन कामगारांना दोन वेगवेगळी सरकारं. हे संपलं १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर. नवा कारखाने अधिनियम १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण सातारा जिल्हा बनला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे आमचा जिल्हा आणि आमचा कायदा बरोबरीचे.

या कायद्यानं आठवड्याला ४८ तास ठरवले, वीज वापरणारा दहा माणसांचा कारखानाही कक्षेत आणला, आणि दीडशे कामगारांमागं एक प्रथमोपचार पेटी सांगितली. होइस्टची, म्हणजे माल वर चढवायच्या लिफ्टची, दर सहा महिन्यांनी आणि क्रेन-साखळ्यांची दर वर्षी जाणकाराकडून तपासणी. साखर कारखान्यांच्या बॉयलरचा कायदा निराळा, २०२५ पर्यंत १९२३ चा होता, आणि त्याचे निरीक्षकही निराळे. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये घातक प्रक्रियांचं नवं प्रकरण जोडलं गेलं. त्यात कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क आला, जो खरं तर पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

आता इन्स्पेक्टरपेक्षा कस्टमर ऑडिटचा धाक जास्त. गाड्यांचे पार्ट घेणाऱ्या कंपनीचा ऑडिटर आला आणि मोठी 'एनसी', म्हणजे नियमाबाहेरची त्रुटी, काढून गेला की ऑर्डर धोक्यात येते, म्हणून मालक स्वतः हजर राहतात. जुन्या कारखाने कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत निरीक्षकाला 'सुविधाकार' असंही म्हटलंय आणि वीज वापरणाऱ्या कारखान्याचा दहा माणसांचा आकडा वीसवर गेलाय. मला ही वाढ पटत नाही. दहा-पंधरा माणसांच्या शेडमध्ये बेल्ट आणि भट्ट्या त्याच असतात.

एक तपासणी मात्र डोळ्यांपुढून जात नाही. सॅंड प्लँटच्या, म्हणजे साच्यांची वाळू तयार करणाऱ्या यंत्राच्या, बेल्टवरची जाळी आम्ही आदल्या संध्याकाळी बसवली होती. एरवी ती भिंतीला टेकवलेली असायची, कारण सांडलेली वाळू काढायला अडचण होते. ते साहेब पांढऱ्या भिंतींकडे न बघता थेट जाळीपाशी वाकले. सगळीकडं वाळूचा काळा थर, आणि चार बोल्ट मात्र लख्ख. त्यांनी एकावरून बोट फिरवलं आणि शेजारच्या हेल्परला विचारलं, "मामा, ही कधी बसवली?"

मामांनी आधी सुपरवायझरकडे पाहिलं, मग साहेबांकडे. म्हणाले, "काल सांजच्याला."

कुणी काही बोललं नाही. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की जाळी उघडी असताना मोटर सुरूच होऊ नये अशी सोय करावी. महिन्याभरात इलेक्ट्रिशियननं तसा स्विच बसवला. त्याच जोडीला वेल्डरनं जाळीला खालून एक झडप केली, तिच्यातून फावडं घालून वाळू ओढता येते. तेव्हापासून जाळी भिंतीला टेकलेली दिसली नाही, आणि चारही बोल्टांवर आता वाळूचा थर आहे.