शोधनिबंध किती किलोमीटरचा?

‘आमचं इतके टक्के संशोधन आंतरराष्ट्रीय सहकार्यातून होतं’ असं विद्यापीठांच्या जाहिरातींत ठळक छापलेलं असतं. अशा टक्केवारीवर भाळू नये. नेदरलँड्समधलं लायडन आणि बेल्जियममधलं अँटवर्प यांच्यात सरळ रेषेत जेमतेम 105 किलोमीटर, पुणे-मुंबईपेक्षाही कमी. तिथल्या दोघांनी मिळून लिहिलेला निबंध आंतरराष्ट्रीय ठरतो. पुणे-गुवाहाटी अंतर 2,000 किलोमीटर, पण त्या जोडीचा निबंध देशांतर्गत! लहान देशाला ही टक्केवारी आयतीच मिळते.

लायडन विद्यापीठाच्या लुडो वॉल्टमन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सरहद्दी बाजूला ठेवल्या आणि थेट किलोमीटर मोजले. निबंधावर छापलेल्या प्रत्येक संस्थेचे अक्षांश-रेखांश काढायचे आणि कोणत्याही दोन पत्त्यांमधलं सर्वांत मोठं अंतर त्या निबंधाच्या नावावर मांडायचं. पत्ता एकच असेल तर शून्य. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती शाळेच्या भूगोलावर उभी आहे. 2.1 कोटींहून अधिक निबंध त्यांनी असे तपासले. 1980 मध्ये सरासरी 334 किलोमीटर होती, 2009 मध्ये ती 1,553 झाली.

आता ‘सरासरी’ या शब्दापाशी जरा थांबू. समजा तीन निबंध आहेत. एक फक्त पुण्याचा: 0. दुसरा पुणे-मुंबई: 120. तिसरा पुणे-लायडन: 7,000. सरासरी येते 2,373, आणि एवढ्या अंतराचा निबंध तिघांत एकही नाही! मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, घेतला तर उत्तर 120. थोडेसे लांब पल्ल्याचे निबंध सगळी सरासरी वर ओढतात. म्हणून 1,553 वाचून ‘सगळे शास्त्रज्ञ आता दूरदेशी जोडले गेले’ असं म्हणणं चूक. घरच्या घरी होणाऱ्या कामाचे ढीगभर शून्यही त्याच आकड्यात आहेत.

शिवाय पत्ता म्हणजे माणूस नव्हे. एकाच संशोधकाची पुण्यात आणि लायडनमध्ये अशा दोन ठिकाणी नेमणूक असेल, तर त्याने एकट्याने लिहिलेला निबंधही 7,000 किलोमीटरचा ठरतो. उलट हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरचा 2015 चा निबंध घ्या. लेखक 5,154, पानं 33, त्यांतली 24 नावांची आणि संस्थांची. त्यालाही या मोजणीत आकडा एकच मिळणार, सर्वांत दूरच्या दोन पत्त्यांमधला.