इंजिन ऑइल : डब्यावरचे आकडे आणि पाच हजारांचा हिशेब

मुंबईतल्या गल्लीबोळांतील गॅरेजात मिस्त्री आजही डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) ओढतो, टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळतो आणि ‘काळं झालंय, बदलून टाका’ असा निकाल देतो. दर पाच हजार किलोमीटरला इंजिन ऑइल बदलायचे, हा दंडकही त्याच्या तोंडी असतो. ही परीक्षा रूढ झाली तेव्हाची इंजिने, पेट्रोल आणि तेल यांपैकी आज काहीच तसे उरलेले नाही.

तेलाची दाटपणानुसार वर्गवारी ‘एसएई’ या अमेरिकी अभियंता-संस्थेने १९११ मध्ये प्रथम केली. त्या काळी तेल सिंगल ग्रेड असे, म्हणजे थंडीत घट्ट होणारे आणि तापल्यावर पाण्यासारखे पातळ होणारे. पॉलिमर मिसळून हा फरक कमी करणारी मल्टिग्रेड तेले १९५०च्या दशकात रुळली. डब्यावरच्या ‘२०डब्ल्यू-४०’ अशा ग्रेडमधील डब्ल्यू म्हणजे विंटर; २०डब्ल्यू तेलाची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर होते, तर ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांवर. मुंबईला अशा थंडीशी काय देणेघेणे, असा प्रश्न रास्त असला तरी सकाळी इंजिन सुरू होताच वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते ते पातळ तेलच. दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा दाखवतो. त्यामुळे ‘उन्हाळा कडक आहे, दाट तेल घाला’ हा सल्ला अरुंद तेलमार्गांच्या नव्या इंजिनांना मानवत नाही.

पाच हजारांचा, किंबहुना त्याहून कमी अंतराचा दंडक मात्र एके काळी अगदी योग्य होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत, म्हणजेच काळ्यापिवळ्या टॅक्सीत, पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर असे. थंड इंजिनात चोक ओढला, म्हणजे हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवले, की न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून तेल पातळ करी. पेट्रोलही शिसेयुक्त होते. शिसेविरहित पेट्रोल मुंबईसह चार महानगरांत आले ते १९९५ मध्ये. इंधनातील गंधकापासून आम्ले तयार होतात आणि ती मारण्यात तेलातली अल्कली खर्ची पडते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या इंधनात गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भागांवर आली, कार्ब्युरेटरऐवजी मोजून पेट्रोल फवारणारे फ्युएल इंजेक्शन तर त्याआधीच रुळले होते. अनेक नव्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे अंतर दिसते, त्यामागे हा सगळा प्रवास आहे. काळेपणाचे म्हणाल, तर तेलातील डिटर्जंट काजळी तरंगत ठेवतो म्हणूनच ते काळे पडते. मिस्त्रीच्या बोटांना कचकच लागली तर गोष्ट वेगळी.

मुंबईपुरती एक अडचण उरतेच. ताशी ५० किलोमीटरने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २०० तास. पश्चिम द्रुतगती मार्गावर रोज रखडत सरासरी १५ पडत असेल, तर तेच अंतर साडेसहाशेहून अधिक तासांचे होते, आणि ओडोमीटरला हे तास दिसत नाहीत. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ म्हणून जो वेगळा, कमी अंतराचा रकाना असतो, तो अशाच गाड्यांसाठी. दादरहून परळपर्यंतच जाऊन येणाऱ्या गाडीत तेल नीट तापतच नाही, पावसाळ्यात त्यात ओल साठते, आणि अशा गाडीला किलोमीटरपेक्षा कॅलेंडर पाहावे लागते.