परदेशातील जर्मन शाळेत पाल्याचा प्रवेश : निवड, पात्रता आणि कागदपत्रे

नोकरीनिमित्त परदेशी जाणारी किंवा पुढे जर्मनीत स्थायिक होण्याचा विचार करणारी कुटुंबे मुलांसाठी जर्मन माध्यमाची शाळा शोधू लागतात, तेव्हा एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी : नावात ‘जर्मन’ हा शब्द असला म्हणजे त्या शाळेचे अंतिम प्रमाणपत्र जर्मनीत मान्य असेलच असे नाही. म्हणून इमारत, क्रीडांगण आणि घरापासूनचे अंतर पाहण्यापूर्वी पालकांनी शाळेला एकच प्रश्न विचारावा : येथील शेवटच्या वर्गातील विद्यार्थी कोणते प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात?

जर्मन सरकारचे आर्थिक आणि शैक्षणिक पाठबळ असलेल्या अधिकृत शाळा जगभरात सुमारे १४० आहेत. त्यांच्यावर देखरेख ठेवणारी आणि त्यांना जर्मनीतून शिक्षक पाठवणारी संस्था ‘झेडएफए’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. या शाळांच्या अनुदानाचा कायदेशीर पाया १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या परदेशी शाळा कायद्याने घातला. शाळांची परंपरा मात्र कितीतरी जुनी आहे. कोपनहेगनमधील सेंट पेट्री शाळा १५७५ सालची आहे, तर इस्तंबूलमधील जर्मन शाळा १८६८ साली सुरू झाली. याच इस्तंबूलमध्ये १८८२ पासून सेंट जॉर्ज ही ऑस्ट्रियन शाळाही आहे. स्वित्झर्लंडच्याही परदेशी शाळा असून त्यांपैकी प्रत्येकीची जबाबदारी स्वित्झर्लंडमधील एखाद्या कँटनकडे (तेथील घटकराज्याकडे) असते. तिन्ही देशांच्या शाळांत जर्मन शिकवली जात असली तरी अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रे वेगवेगळी असतात, हे अर्ज करताना विसरू नये.

प्रमाणपत्रांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘जर्मन आंतरराष्ट्रीय आबिटुर’; आबिटुर ही जर्मनीतील शालान्त परीक्षा. ते बारावीअखेर मिळते आणि त्यावर जर्मनीतील विद्यापीठांत तेथील विद्यार्थ्यांप्रमाणेच थेट प्रवेश घेता येतो. आबिटुरच्या एकूण ९०० गुणांपैकी ६०० गुण अकरावी-बारावीच्या दोन वर्षांतील कामगिरीवर आणि ३०० गुण अंतिम परीक्षेवर अवलंबून असतात. त्यामुळे अकरावीच्या मध्यावर शाळा बदलून आलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान केवळ भाषेपुरते राहत नाही. दुसरा पर्याय ‘जीआयबी’चा, म्हणजे काही विषय जर्मनमधून शिकवल्या जाणाऱ्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाचा. कुटुंबाची पुढची बदली कुठे होईल हे ठरलेले नसेल तर माझ्या मते हा पर्याय अधिक सोयीचा आहे. तिसरा प्रकार स्थानिक अभ्यासक्रमाच्या, पण जर्मन भाषा पदविका देणाऱ्या शाळांचा. ‘डीएसडी’ या नावाच्या या पदविकेची पहिली पायरी बी१ पातळीची (युरोपात भाषाज्ञान ए१ ते सी२ अशा चढत्या पातळ्यांत मोजतात) असून जर्मनीतील पूर्वतयारी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी ती भाषेचा पुरावा म्हणून चालते, दुसरी पायरी बी२ ते सी१ पातळीची असून ती विद्यापीठ प्रवेशासाठी आवश्यक भाषाज्ञानाचा पुरावा ठरते. मात्र ही पदविका फक्त भाषेची आहे, ती बारावीच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. या फरकाची चौकशी न केल्यामुळे अनेक पालकांची निराशा अगदी शेवटच्या वर्षी होते.

पात्रतेचा विचार वय आणि भाषा या दोन अंगांनी होतो. पहिलीसाठी वय साधारण सहा वर्षे पूर्ण असावे लागते. नेमकी तारीख शाळा ज्या जर्मन राज्याचा अभ्यासक्रम चालवते त्यानुसार आणि शाळेच्या स्वतःच्या नियमानुसार ठरते, म्हणून ती लेखी विचारून घ्यावी. जर्मन अजिबात येत नसलेल्या मुलासाठी सर्वांत सोपी वाट बालवाडीतून जाते, कारण बहुतेक शाळांना संलग्न बालवाडी असते आणि दोन वर्षे तिथे काढलेले मूल पहिलीत पोहोचेपर्यंत वर्गात काय चालले आहे ते समजू लागते. तिसरी-चौथीपर्यंत अतिरिक्त भाषा तासिकांच्या आधारे प्रवेश मिळण्याची शक्यता बरी असते. पाचवीपासून मात्र विषय जर्मनमधून गंभीरपणे शिकवले जातात, शिवाय मुलाला जिम्नाझियम (आबिटुरकडे नेणारी शाखा), रेआलशूल (दहावीपर्यंतची मध्यम शाखा) वा अन्य शाखेकडे वळवण्याचा निर्णयही त्याच सुमारास होतो. त्यातच जिम्नाझियममध्ये साधारण सहावीपासून दुसरी परकीय भाषा सुरू होत असल्याने आठवी-नववीत येणाऱ्या विद्यार्थ्याला जर्मनबरोबरच फ्रेंच, लॅटिन किंवा यजमान देशाची भाषाही भरून काढावी लागते.

प्रवेशाची प्रक्रिया चौकशी आणि शाळाभेटीपासून सुरू होते. अर्ज भरल्यावर भाषाचाचणी होते आणि बहुतेक ठिकाणी मुलाला एक-दोन दिवस प्रत्यक्ष वर्गात बसवून पाहिले जाते. पहिलीच्या मुलांची शाळेसाठीची तयारी तपासताना शिक्षिका कात्रीने आखलेल्या रेषेवरून कागद कापायला सांगतात, एका पायावर उड्या मारायला लावतात, छोटी गोष्ट ऐकवून चित्रे क्रमाने मांडायला देतात. अक्षरओळख त्यांना फारशी महत्त्वाची वाटत नाही, त्यामुळे आधीच घोकंपट्टी करून घेण्यात अर्थ नाही. अर्जात घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा रकाना असतो, तिथे ‘मराठी’ असेच लिहावे. जर्मन थोडीफार येत असताना ‘उत्तम’ लिहिल्याने प्रवेश सुकर होत नाही. उलट मुलाला आधाराच्या तासिका मिळत नाहीत आणि पहिल्याच सहामाहीत ते गप्प बसू लागते. प्रवेश मिळाला तरी तो अनेकदा मुलाला पारखून पाहण्याच्या काही महिन्यांपुरता तात्पुरताच असतो.

कागदपत्रांमध्ये मुलाचा जन्मदाखला, मूल आणि पालक यांच्या पासपोर्टच्या प्रती, यजमान देशातील वास्तव्याचा परवाना, मागील किमान दोन वर्षांच्या गुणपत्रिका, आधीच्या शाळेचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि छायाचित्रे लागतात. मूळ कागद जर्मन किंवा इंग्रजीत नसतील तर अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावे लागते, आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्टमध्ये एक व जन्मदाखल्यात दुसरे असे असेल तर ते आधीच दुरुस्त करावे, कारण पुढे शेवटच्या प्रमाणपत्रावरही तीच चूक उमटते. पालक विभक्त असल्यास पाल्याचा ताबा कोणाकडे आहे याचा न्यायालयीन आदेश किंवा दुसऱ्या पालकाची लेखी संमती मागितली जाते. मुलाला शिकण्यात काही विशेष अडचण असल्यास तज्ज्ञांचा अहवाल लपवू नये. शाळेकडे त्यासाठी शिक्षक आहेत की नाहीत हे त्यावरूनच ठरते. गुणपत्रिकांबाबत एक सूचना : जर्मन पद्धतीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ६ ही सर्वांत खालची असते. पहिल्या प्रगतिपुस्तकात गणितासमोर ‘२’ पाहून घाबरलेल्या पालकांना मुलाने ‘चांगले’ यश मिळवले आहे, हे शिक्षकांनाच समजावून सांगावे लागते.

अर्जाची वेळ देशागणिक बदलते. उत्तर गोलार्धात शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तर चिली, अर्जेंटिनासारख्या देशांत मार्चच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे खंड बदलताना मुलाचे अर्धे वर्ष मागेपुढे होऊ शकते. कोणत्या वर्गात बसवणार, हे अर्जासोबतच विचारावे.

शुल्काबाबत पालकांची समजूत बहुधा चुकीची असते. सरकारी अनुदान असले तरी या शाळा मोफत नसतात. बहुतेक शाळा पालकांच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत चालतात आणि शुल्क त्या संस्थेचे मंडळ ठरवते. प्रवेशशुल्क, अनामत रक्कम, भाषा-आधाराच्या तासिका, बस आणि जेवण यांचे आकार वेगळे असू शकतात. कंपनी शुल्क भरणार असेल तर तिचे हमीपत्र अर्जासोबत जोडावे. आर्थिक अडचणीत सवलतीसाठी स्वतंत्र अर्ज करण्याची सोय अनेक शाळांत असते, पण त्याची मुदत प्रवेश अर्जाच्या मुदतीपेक्षा वेगळी असू शकते. पालक संस्थेचे सभासद झाल्यास वार्षिक सभेत मतदान करता येते आणि मंडळाच्या निवडणुकीतही भाग घेता येतो.

करारावर सही करताना शाळा सोडण्यासाठी किती आधी लेखी सूचना द्यावी लागते, हे कलम जरूर वाचावे. बदली अचानक झाली तरी ती मुदत न पाळल्यास पुढच्या सत्राचे शुल्क आकारले जाऊ शकते, आणि थकबाकी मिटेपर्यंत दाखला अडकून पडण्याची शक्यता असते. शाळा सोडताना प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिकेची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यावी. दूरच्या देशातून नंतर ती मिळवायला महिनोन्‌महिने लागू शकतात.