भातानं टाके पिकत नाहीत

हर्नियाचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला, की भेटायला येणाऱ्यांची सूचना ठरलेली: "भात देऊ नका, पू होईल." मग वरण जातं, दही जातं आणि बिचारा पंधरा दिवस चहा-बिस्किटांवर काढतो.

पू म्हणजे जंतू आणि त्यांच्याशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशी. हे जंतू बहुतेकदा आपल्याच कातडीवरचे असतात, ताटातले नव्हेत. भात पांढरा, पूही पांढरट, एवढंच काय ते नातं! उलट जखम भरायला प्रथिनं लागतात; वरण, दही, अंडी तोडणं म्हणजे गवंड्याच्या हातातल्या विटा काढून घेणं. मधुमेह असेल तर भात बेतानं खावा, कारण वाढलेली साखर जखमेला खरोखर नडते.

रुग्णाच्या हातात आहे ते वेगळंच. ऑपरेशनआधी साबणानं आंघोळ. तंबाखू काही आठवडे आधीच बंद, मिश्रीसुद्धा. आणि घरी ब्लेडनं केस काढायचे नाहीत. पात्यानं पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांत जंतू घर करतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांत वस्तऱ्याला साफ नकार आहे. गरज पडलीच तर क्लिपर, म्हणजे केस बारीक कापायचं मशीन.

नंतर ड्रेसिंगला कुणीही हात लावण्याआधी "हात धुतलेत ना?" असं विचारावं, डॉक्टरांनासुद्धा. जखमेवर हळद नको. लाली पसरली, टाक्यांशी पिवळं पाणी आलं किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. संसर्ग महिनाभरात कधीही डोकं वर काढू शकतो, सांधा बदलला असेल तर त्यानंतरही.